हाताला काम असलेले तरुण किती? – अर्थव्यवस्थेचे एक साधे मोजमाप

(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



महागाई भत्ता, रिक्त पदे, बढती, क्वार्टर्स हे आपले नेहमीचे विषय. आज मला थोडा वेगळा विषय दिला आहे. देशाची आर्थिक स्थिती कशी आहे हे सामान्य कामगाराने कशावरून ओळखावे? वर्तमानपत्रात राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाढीचा आकडा येतो, शेअर बाजाराचा निर्देशांक येतो, परकीय चलनाची गंगाजळी येते. हे आकडे खोटे नसतात. पण त्यांतून आपल्या चाळीत, आपल्या कॉलनीत काय चालले आहे ते कळत नाही. माझ्या मते त्यासाठी एक सोपा प्रश्न पुरेसा आहे. आपल्या वस्तीतील अठरा ते एकोणतीस वयाच्या शंभर मुलग्यांपैकी किती जणांच्या हाताला काम आहे, आणि ते काम कसले आहे?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. टपाल खात्यातील माणूस तर पूर्वीपासून हे मोजमाप करीत आला आहे. मनिऑर्डर १८८० साली सुरू झाली. मुंबईच्या गिरणीत मुलगा चिकटला की कोकणात किंवा देशावर त्याच्या आईच्या नावाने मनिऑर्डर येऊ लागे. पोस्टमनला गावातील कोणता मुलगा कामावर आहे आणि कोणाचे काम सुटले हे सरकारी अहवालाच्या आधी ठाऊक असे. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर या मनिऑर्डरी आटल्या. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तेव्हा फक्त बापाची नोकरी गेली नाही. बापाच्या जागी बदली म्हणून लागण्याची मुलाची वाटही बंद झाली. गिरणगावातील त्या पिढीचे पुढे काय झाले ते आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता मोजमापाकडे वळू. बेरोजगारीचा दर हा शब्द आपण रोज ऐकतो. तो कसा काढतात हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. या दरात सगळी लोकसंख्या धरीत नाहीत. जो काम करतो आणि जो काम शोधतो, एवढ्यांचीच बेरीज करतात आणि त्यांत शोधणारे किती ते पाहतात. ज्याने शोधणे सोडून दिले तो या हिशेबातून बाहेर पडतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका रेल्वे कॉलनीत या वयाचे शंभर मुलगे आहेत. पन्नास जण काहीतरी काम करतात, पंधरा जण काम शोधतात, बाकीचे पस्तीस शिकतात किंवा घरी आहेत. तर बेरोजगारीचा दर होतो पासष्टमध्ये पंधरा, म्हणजे सुमारे २३ टक्के. पुढच्या वर्षी त्या पंधरांपैकी आठ जण कंटाळले, अर्ज करायचे थांबले. कोणी नावाला कोणत्या तरी अभ्यासक्रमात नाव घातले, कोणी घरी बसले. आता दर होतो सत्तावन्नमध्ये सात, म्हणजे सुमारे १२ टक्के. बेरोजगारी निम्म्यावर आली अशी बातमी छापता येईल. प्रत्यक्षात एकही नवी नोकरी निर्माण झालेली नाही! काम करणारे तेव्हाही पन्नास होते, आताही पन्नासच आहेत.

म्हणून बेरोजगारीच्या दराबरोबर रोजगाराचा दर पाहिला पाहिजे. शंभरांपैकी किती जण कामावर आहेत, एवढेच तो विचारतो. या आकड्यातून कंटाळलेला मुलगा अदृश्य होत नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आपणही आकड्यांनी फसू. २०१३ च्या सुमारास ग्रीस आणि स्पेन या देशांत पंचवीस वर्षांखालील तरुणांचा बेरोजगारी दर ५० टक्क्यांच्या वर गेला. तेव्हा निम्मे तरुण बेकार आहेत असे अनेकांनी म्हटले. ते बरोबर नव्हते. त्या वयाचे बरेच तरुण शिकत होते. ते श्रमशक्तीत धरलेच नव्हते. जे श्रमशक्तीत होते त्यांच्यातले निम्मे बेकार होते. संकट भयंकर होते यात शंका नाही. पण आकडा कशाला भागून काढला आहे हे विचारल्याशिवाय कामगाराने तो वापरू नये. व्यवस्थापनासमोर आपण चुकीचा आकडा ठेवला की आपली बरोबर मागणीही हसण्यावारी नेली जाते.

आता कोणी विचारील, मोजायचे तर सर्वांना मोजा, तरुण मुलग्यांनाच का? याला कारण आहे. धंदा मंदावला म्हणजे कारखानदार किंवा सरकार आधी काय करते? पन्नाशीच्या अनुभवी माणसाला काढणे अवघड असते. कायदा आडवा येतो, युनियन आडवी येते. पण नवी भरती थांबवायला कोणाची परवानगी लागत नाही. त्याविरुद्ध घोषणाही होत नाहीत, कारण ज्याचे नुकसान होते तो अजून हजेरीपटावर आलेलाच नसतो. आपल्या खात्यांचे उदाहरण घ्या. रेल्वेत १९९०-९१ साली साडेसोळा लाखांच्या आसपास कर्मचारी होते. २०२३ पर्यंत ती संख्या १२ लाखांच्या आसपास आली. या काळात गाड्या वाढल्या, प्रवासी वाढले, मालवाहतूक वाढली. साडेचार लाख माणसांना कामावरून काढले का? नाही. माणूस निवृत्त झाला, त्याची जागा भरली नाही, काही काळाने ती पोस्ट सरेंडर झाली. कपात झाली ती गेटच्या बाहेर. म्हणून ती पाहायची तर गेटच्या बाहेर उभ्या असलेल्या तरुणाकडे पाहावे लागते.

दुसरे असे, की आपल्या समाजात पुरुषाने कमवावे ही अपेक्षा जवळजवळ सार्वत्रिक आहे. पंचवीस वर्षांचा मुलगा कामावर नसेल तर तो बहुधा शिकत तरी असतो किंवा त्याला काम मिळालेले नसते. त्यामुळे मुलग्यांच्या रोजगाराचा आकडा हा तापमापकासारखा बऱ्यापैकी स्वच्छ चालतो.

इथे भगिनी मला लगेच विचारतील, आणि विचारलेच पाहिजे, की मुलींचे काय? मुलींच्या बाबतीत आकडा वाचणे कठीण आहे, कारण घरातले काम, लग्न, लहान मूल, सासरची परवानगी हे सगळे त्यात मिसळलेले असते. ती दिवसभर राबते आणि नोंद होते 'काम करीत नाही' अशी. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना आणि दिल्लीच्या मानव विकास संस्थेने मार्च २०२४ मध्ये भारतातील रोजगारावर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात २०२२ सालासाठी शिक्षणातही नाहीत, नोकरीतही नाहीत आणि प्रशिक्षणातही नाहीत अशा तरुणांचे प्रमाण दिले आहे. मुलग्यांत ते दहात एक आणि मुलींत जवळजवळ निम्मे आहे. म्हणजे मुलींची अवस्था अधिक वाईट आहे. मुलग्यांचा आकडा मी वापरतो तो त्यांचे दुःख मोठे म्हणून नव्हे. बाजारात काम आहे की नाही हे त्यावरून लवकर कळते, इतकेच. तापमापक काखेत लावला म्हणून आजार काखेतच आहे असे कोणी समजत नाही.

आता देशाचे आकडे. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०११-१२ साली १५ ते २९ वयाच्या ग्रामीण मुलग्यांत बेरोजगारीचा दर ५ टक्के आणि शहरी मुलग्यांत ८.१ टक्के होता. २०१७-१८ च्या नियतकालिक श्रमशक्ती पाहणीत तेच आकडे १७.४ आणि १८.७ झाले. सहा वर्षांत गावात तिपटीहून अधिक! हा अहवाल वेळेवर प्रसिद्ध झाला नाही. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी जानेवारी २०१९ मध्ये राजीनामे दिले, आणि अहवाल बाहेर आला तो लोकसभेची निवडणूक आटोपल्यावर, मे २०१९ च्या शेवटी. आकडा किती महत्त्वाचा असतो हे एवढ्यावरूनच ध्यानात यावे.

त्यानंतर आकडे सुधारले. २०२३-२४ च्या पाहणीत तरुण मुलग्यांचा बेरोजगारी दर ९.८ टक्के आला. नुसता दर उतरला असे नाही, रोजगाराचा दरही चढला. १५ ते २९ वयाच्या मुलगे-मुली मिळून शंभरांपैकी २०१७-१८ मध्ये ३१ जण कामावर होते, २०२३-२४ मध्ये जवळजवळ ४२. हे नाकारून चालणार नाही. आपल्या सोयीचा आकडा तेवढा घ्यायचा आणि गैरसोयीचा सोडायचा हे काम आपले नव्हे.

मग प्रश्न उरतो, हे काम कसले? त्याच पाहणीत उत्तर आहे. देशातील एकूण काम करणाऱ्यांत नियमित पगारी माणसांचे प्रमाण २०१७-१८ मध्ये २२.८ टक्के होते. २०२३-२४ मध्ये ते २१.७ टक्के झाले. स्वयंरोजगारवाल्यांचे प्रमाण ५२.२ वरून ५८.४ टक्क्यांवर गेले. त्यातही घरच्या शेतीत किंवा दुकानात विनावेतन मदत करणारे १३.६ वरून १९.४ टक्क्यांवर गेले. या मदतनिसांत स्त्रियांचा भरणा मोठा आहे, हेही लक्षात ठेवा. शेतीवर असलेल्यांचे प्रमाण २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्क्यांपर्यंत उतरले होते, ते २०२३-२४ मध्ये पुन्हा ४६.१ झाले. जगात सगळीकडे प्रगती म्हणजे शेतीतून माणूस कारखान्यात आणि सेवांत जाणे. आपल्याकडे २०२० च्या टाळेबंदीत जो माणूस गावी परतला, त्याच्यासारख्या अनेकांना शेतीनेच पोटात घेतले.

पाहणीचा नियमही समजून घ्या. चालू साप्ताहिक पद्धतीत आठवड्यातील एखाद्या दिवशी एक तास जरी काम केले तरी माणूस त्या आठवड्यापुरता रोजगारात धरला जातो. बापाच्या तीन एकरांत दोन भाऊ आधीच आहेत, त्यात तिसरा जाऊन उभा राहिला. उत्पन्न वाढले नाही, भाकरीचे वाटेकरी मात्र तितकेच राहिले. कागदावर तो कामाला लागला. हा नियम कोणी फसवण्यासाठी केलेला नाही. जगभर असेच मोजतात. पण ज्या देशात बेकार भत्ता नाही, तिथे गरीब माणसाला बेकार राहणे परवडतच नाही. तो काहीतरी करतोच. त्यामुळे आपल्याकडे बेकारी दिसते ती ज्याच्या घरात थोडे थांबण्याची ऐपत आहे त्याच्यात. मी मघाशी सांगितलेला अहवालच पाहा. २०२२ मध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेरोजगारी ३.४ टक्के आणि पदवीधर तरुणांत २९.१ टक्के! शिकल्यामुळे बेकारी येते असा याचा अर्थ नाही. न शिकलेला मिळेल त्या मजुरीवर जातो. शिकलेला थांबतो. आणि तो थांबू शकतो, कारण घरात कोणाचा तरी पगार किंवा पेन्शन येत असते.

बंधूंनो, तो पगार आणि ती पेन्शन कोणाची? बऱ्याच घरांत तुमची-माझी. म्हणून हा विषय आपला आहे.

आता आपल्या खात्याच्या दारात काय घडले ते पाहू. २०१८ साली रेल्वेने सुमारे ९० हजार जागा जाहीर केल्या, अर्ज आले २ कोटींहून अधिक. २०१९ मध्ये बिगर-तांत्रिक वर्गाच्या ३५ हजारांवर जागांसाठी सुमारे सव्वा कोटी अर्ज आले, म्हणजे एका जागेला साडेतीनशे उमेदवार. जाहिरात २०१९ च्या सुरुवातीची, पहिली परीक्षा सुरू झाली डिसेंबर २०२० च्या अखेरीस, आणि तिचा निकाल लागला जानेवारी २०२२ मध्ये. निकालाच्या पद्धतीवरून बिहार व उत्तर प्रदेशात उद्रेक झाला, गया येथे डबे जाळण्यात आले. रेल्वेची मालमत्ता जाळणे याचे समर्थन आपल्यापैकी कोणी करणार नाही. त्या डब्यांची देखभाल आपणच करतो. पण बावीस वर्षांचा मुलगा पंचवीस वर्षांचा होईपर्यंत एका परीक्षेच्या निकालाची वाट पाहतो, याचीही किंमत कोणीतरी मोजली पाहिजे. पाहणीवाला त्याच्या खोलीवर गेला आणि मुलाने 'अभ्यास करतो' म्हटले तर तो विद्यार्थी ठरतो. 'नोकरी शोधतो' म्हटले तर बेकार ठरतो. मुलगा तोच, खोलीही तीच.

महाराष्ट्र यापासून दूर नाही. २० मार्च २०१८ रोजी सकाळी माटुंगा-दादर दरम्यान रेल्वेच्या ॲप्रेंटिस मुलांनी लोकल अडवल्या. आपल्याच वर्कशॉपमध्ये आपल्याच माणसांच्या हाताखाली शिकलेली ही मुले. ॲप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन तो मालकावर घालीत नाही. जून २०२४ मध्ये राज्यात पोलीस भरती झाली तेव्हा १७ हजारांवर जागांसाठी साडेसतरा लाखांहून अधिक अर्ज होते. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तर अविवाहित तरुणांनी बाशिंगे बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. पुष्कळ लोक हसले. मला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. मुलीचा बाप स्थळ पाहायला येतो तेव्हा मुलाला नोकरी आहे का, पर्मनंट आहे का, हेच विचारतो. देशातला कोणताही अर्थशास्त्रज्ञ याहून नेमका प्रश्न विचारीत नाही.

टपाल खात्यात ग्रामीण डाक सेवकांच्या २०२४ च्या भरतीत ४४ हजारांवर जागा निघाल्या. दहावीच्या गुणांवर निवड. रोज चार तासांच्या कामाचा मोबदला शाखा टपालपालाला १२ हजार आणि सहायकाला १० हजार रुपये, अधिक महागाई भत्ता. या जागांवर पदवीधर मुले येतात. पाहणीत ती रोजगारात मोडतात, आणि ते बरोबरही आहे. पण त्या मुलाला विचारा, तुझे लागले का? तो म्हणतो, सध्या हे आहे. 'सध्या' या एका शब्दात आजच्या तरुणाचा सगळा रोजगार मावतो.

आता एका नाजूक गोष्टीकडे येतो. २००४ साली रेल्वेने सुरक्षिततेशी संबंधित कामगारांसाठी योजना आणली. सुरुवातीला ती गँगमन आणि ड्रायव्हर यांच्यासाठी होती, २०१० मध्ये ती आणखी सेफ्टी वर्गांना लागू केली. पन्नाशी ओलांडलेल्या कामगाराने स्वेच्छेने निवृत्त व्हायचे आणि त्याच्या पात्र मुलाला नोकरी मिळायची. आपण तिला लार्सजेस म्हणून ओळखतो. हेतू सांगितला होता तो असा, की वय झालेल्या माणसाकडून रुळावरचे कष्टाचे काम करून घेऊ नये. पण आपल्या घरांत तिचा अर्थ वेगळा लागला. ज्याची सेवा अजून सात-आठ वर्षे शिल्लक आहे, ज्याचा पगार आता कुठे बरा झाला आहे, असा बाप म्हणतो की माझे राहू द्या, पोराचे करा. स्वतःच्या पुढच्या पगारावर पाणी सोडून तो मुलाला सर्वांत खालच्या ग्रेडवर लावतो. मी म्हणतो, अर्थव्यवस्थेचा याहून बोलका निर्देशांक कोणता? बाहेर काम असते तर कोणता बाप असा सौदा करील?

२०१६ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने ही योजना सार्वजनिक नोकरीतील समान संधीच्या तत्त्वात बसत नाही असे म्हटले. २०१७ मध्ये रेल्वेने ती स्थगित केली आणि २०१८ मध्ये बंद केली. आपण युनियनवाल्यांनी ती चालू राहावी म्हणून पत्रे लिहिली, शिष्टमंडळे नेली. ज्यांचे अर्ज मध्येच अडकले त्यांचे दुःख खरे होते आणि त्यांच्यासाठी भांडणे आपले काम होते. पण आज शांतपणे विचार केला तर न्यायालयाचा प्रश्न टाळता येत नाही. गँगमनच्या मुलाला गँगमनची नोकरी, तर शेतमजुराच्या मुलाला काय? ज्याच्या घरात कधीच कोणी रेल्वेत नव्हते, त्याने कोणत्या दाराने यावे? आपण आपल्या मुलांसाठी खिडकी मागत राहिलो. सर्वांसाठीचा दरवाजा अरुंद होत होता तिकडे आपले पुरेसे लक्ष नव्हते. जागा सरेंडर होताना जेवढ्या जोराने ओरडायला हवे होते तेवढे आपण ओरडलो नाही. त्या जागांवर माणूस नव्हता, म्हणून आपला सभासदही नव्हता.

जागा कमी पडल्या की तरुण एकमेकांवर जातो, हेही आपण पाहिले. ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबई परिसरात रेल्वे भरतीच्या परीक्षेसाठी आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली. प्रश्नपत्रिका मराठीतून मिळावी, जाहिरात मराठी वृत्तपत्रांत यावी या मागण्या रास्तच होत्या, आणि आज प्रादेशिक भाषांतून परीक्षा देता येते ही चांगली गोष्ट आहे. पण मारहाणीने एक तरी जागा वाढली का? मार खाणारा आणि मारणारा दोघेही त्याच रांगेतले होते. आपली संघटना अखिल भारतीय आहे. इटारसी, झाशी, हुबळी, सिकंदराबाद इथे मराठी माणूस पिढ्यान्पिढ्या रेल्वेत आहे. ज्या न्यायाने तो तिथे आहे, त्याच न्यायाने दुसरा इथे येतो.

मग आपण काय करावे? मी मोठे ठराव मांडणार नाही. चार कामे सांगतो.

पहिले काम मोजण्याचे. प्रत्येक शाखेने आपल्या कॉलनीतील, आपल्या वस्तीतील अठरा ते एकोणतीस वयाच्या मुलग्यांची आणि मुलींची यादी करावी. अठरा ते चोवीस आणि पंचवीस ते एकोणतीस असे दोन भाग वेगळे ठेवावेत, कारण पहिल्या गटात शिकणारे जास्त असतात आणि दुसऱ्यात खरी स्थिती दिसते. शिक्षण किती, काम करतो का, कोणाकडे, पगारपत्रक मिळते का, भविष्यनिर्वाह निधी कापतात का, किती वर्षे नोकरी शोधतो आहे, एवढेच प्रश्न. दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच घरांत हे विचारावे. सरकारी पाहणी देशाचा ताप सांगते, आपली यादी आपल्या गल्लीचा सांगेल. २०२५ पासून सरकारी पाहणीचे आकडे दर महिन्याला येऊ लागले. तेही शाखेच्या फलकावर लावावेत, बेरोजगारीचा दर आणि रोजगाराचा दर शेजारी-शेजारी.

दुसरे, रिक्त जागांचा पाठपुरावा. २०२३ मध्ये माहिती अधिकारातून मिळालेल्या उत्तरानुसार रेल्वेत पावणेतीन लाखांच्या आसपास जागा रिक्त होत्या, आणि त्यांतील निम्म्याहून कितीतरी अधिक सुरक्षिततेच्या वर्गातील होत्या. रिक्त जागा म्हणजे बाहेर एक बेकार मुलगा आणि आत दुप्पट काम करणारा ट्रॅकमन. हे दोघे एकाच मागणीचे दोन साक्षीदार आहेत. जाहिरातीपासून नेमणुकीपर्यंत किती महिने लागावेत याची मर्यादा ठरवून मागितली पाहिजे.

तिसरे, कंत्राटी तरुण. डब्यात चादरी वाटणारा, गाडी धुणारा, स्टेशन झाडणारा, पार्सल उचलणारा मुलगा आपल्या शेजारी रोज उभा असतो. रोजगाराच्या आकड्यात तो आहे. आपल्या सभासद-पुस्तकात मात्र तो नाही. किमान वेतन मिळते का, ते पूर्ण हातात पडते का, सुट्टी आहे का, हे विचारायला त्याच्याकडे आज कोणी जात नाही. आपण जावे.

चौथे काम घरातले आहे. बेकार मुलाला 'काही करीत नाही' असे पाहुण्यांसमोर म्हणू नये. तो आळशी असेलही, पण एका जागेला साडेतीनशे जण असताना तीनशे एकोणपन्नास मागे राहणारच, मग ते कितीही कष्ट करोत. हा हिशेब आहे, त्याचा दोष नव्हे. जे तरुण मंदीच्या काळात नोकरीच्या बाजारात येतात त्यांचे वेतन पुढे कित्येक वर्षे मागे राहते, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. पहिली चार-पाच वर्षे वाया गेली की ती भरून निघणे फार कठीण असते. म्हणून हा प्रश्न पुढच्या अंदाजपत्रकापर्यंत थांबू शकत नाही.

शेवटी एवढेच. आपल्या आधीच्या पिढीने मे १९७४ मध्ये देशभर रेल्वे थांबवली. जेलमध्ये गेले, नोकऱ्या गमावल्या, कुटुंबे क्वार्टर्समधून बाहेर काढली गेली. त्यांनी मागितलेल्या गोष्टींची फळे आपण खाल्ली. आज आपण मागू त्याची फळे ज्याने खायची तो अजून खात्यात आलेला नाही. तो रात्री दिव्याखाली सामान्य ज्ञानाचे पुस्तक घेऊन बसला आहे, किंवा बसायचे सोडून दिले आहे. त्याला आपल्या हिशेबात घ्या. आधी मोजा, मग मागा.

कामगार एकजुटीचा विजय असो!